घरी बसून मध्ययुग घडवताना: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुग म्हणजे नेमके कोणते? शिवाजी महाराज त्यात धरायचे का?

युरोपच्या पुस्तकांत मध्ययुग साधारण १५०० च्या आसपास संपते. आपल्या शाळेत मात्र सातवीच्या इतिहासात यादव, बहमनी, विजयनगर, मुघल आणि मराठे हे सगळे मध्ययुगातच येतात. मी शाळेची वाटणी पाळते, कारण मूल घरी येऊन त्याच धड्याबद्दल बोलते. मुलांसोबत घरी करायच्या इथल्या वस्तू शिलाहार-यादवांच्या वीरगळापासून (लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) शिवकाळातल्या शिवराईपर्यंतच्या (महाराजांचे तांब्याचे नाणे) आहेत.

याला हस्तकलाच म्हणायचे ना? मग शाळेच्या प्रोजेक्टपेक्षा वेगळे काय?

शाळेच्या प्रोजेक्टमध्ये वस्तू दिसायला तशी हवी असते. आमच्या घरी नियम उलटा आहे: दिसायला कशीही चालेल, पण मूळ कारागिराला आलेली निदान एक अडचण मुलाला यायलाच हवी. शिक्का करताना अक्षरे उलटी कोरावी लागली पाहिजेत. नाणे पाडताना मजकूर कडेबाहेर गेला पाहिजे. किल्ल्यावर पाणी कुठे साठवायचे यावर भावंडांचे भांडण झाले पाहिजे. सोनेरी कागद चिकटवलेला मुकुट अर्ध्या तासात होतो आणि त्यातून सोनेरी कागद चिकटवणे तेवढे शिकता येते.

किती वर्षांच्या मुलाला काय द्यावे?

चार-पाच वर्षांच्या मुलाला धूळपाटी. लाकडी फळीवर किंवा मोठ्या ताटात बारीक वाळू नाहीतर विटेची भुकटी पसरायची आणि बोटाने अक्षरे काढायची. धुळाक्षरे हा शब्द यातूनच आला. मोठी गणितेही अशाच पाटीवर होत, म्हणून अंकगणिताला पाटीगणित हे नाव. आकडे मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. रांगोळी वापरू नका, डोळ्यांत गेली की झोंबते.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना माती, नाणी, पटावरचे खेळ. नऊच्या पुढे शाई, बोरू (बरूची लेखणी), मोडी लिपी, घटिकापात्र (पाण्यावरचे घड्याळ). सुरी लागते ते काम मात्र वय काहीही असो, मोठ्या माणसाचेच.

सुरुवात कशाने करावी? घरात काहीच सामान नाही.

नवकंकरीने. खडू आणि अठरा सोंगट्या लागतात. आम्ही नऊ चिंचोके आणि नऊ खडे घेतो. एकात एक असे तीन चौकोन काढा आणि प्रत्येक बाजूचे मध्यबिंदू आतून बाहेर जोडा. चोवीस ठिकाणे तयार होतात. दोघांनी आळीपाळीने एकेक सोंगटी मांडायची, सगळ्या मांडून झाल्या की रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायची. आपल्या तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या तो हरला.

हा पट आपल्याकडे जुन्या देवळांच्या ओट्यांवर आणि किल्ल्यांच्या दगडांवर कोरलेला सापडतो. पुढच्या सहलीत मुलांना पायऱ्या आणि जोती न्याहाळायला सांगा. गाइड दाखवतो त्या तोफेपेक्षा पहारेकऱ्याने कंटाळून कोरलेला पट माझ्या मुलीच्या जास्त लक्षात राहिला आहे.

मुलाला नाइट आणि कॅसलच हवे आहेत. काय करू?

करू द्या. आणि त्याला सांगा की नवकंकरीचा हाच पट इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चच्या दगडी बाकांवरही कोरलेला आहे. चिलखत घातलेला त्याचा नाइट आणि आपला गडकरी एकमेकांची भाषा न कळताही खेळायला बसू शकले असते.

शाई घरी खरेच होते का?

होते, पण पहिल्यांदा बिघडते. आमची पहिली शाई तासाभरात तळाशी बसली आणि वर गढूळ पाणी राहिले.

कृती अशी. तिळाच्या तेलाचा दिवा लावा आणि ज्योतीच्या टोकाला लागेल अशी स्टीलची ताटली पालथी धरा. विटांवर ठेवली तर हात भाजत नाही. काजळी धरेल तशी पिसाने झाडून वाटीत घ्या. चमचाभर जमायला फार वेळ लागतो, एवढी तयारी ठेवा. डिंकाच्या लाडवांचा डिंक रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घाला. कतिरा नको, तो फुगतो, विरघळत नाही. सकाळी गाळून घ्या आणि काजळीइतकाच डिंक तिच्यात थेंबाथेंबाने घालत खलत राहा. खरे काम हे खलण्याचेच. काजळीला पाण्याचे वावडे असते, नुसत्या पाण्यात टाकली तर ती वर तरंगते. डिंक तिच्या प्रत्येक कणाभोवती बसतो तेव्हाच ती पाण्यात टिकते, आणि तो बसायला वेळ लागतो. आम्ही दहा मिनिटे खलले होते. पुढच्या वेळी पाऊण तास, आळीपाळीने, पाढे म्हणत खलले आणि ती शाई आठवडाभर नीट चालली.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: काजळी म्हणजे कोळसाच, तो उन्हाने उडत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या आजही काळ्याभोर दिसतात. ती कपड्यांवरूनही जात नाही, तेव्हा जुने कपडे घालून बसवा.

बोरू कुठे मिळेल?

सुलेखनाचे सामान ठेवणाऱ्या दुकानात. नाही मिळाला तर आइस्क्रीमची काडी टोकाला तिरपी छाटा, चांगली चालते. एका बुडवणीत चार-पाच अक्षरेच होतात. जाड-बारीक रेषा हाताच्या कौशल्याने नव्हे, टोकाच्या छाटणीने येते हे मुलाच्या आपोआप लक्षात येते. बोरू धरायचा कोन न बदलता लिहायचे, एवढेच सांगा.

मोडी मुलांना जड जाणार नाही का?

वाचायला जड जाते, स्वतःचे नाव लिहायला नाही. मोडीचा तक्ता छापून समोर ठेवा. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली आहे, त्यामुळे संगणकावरही नाव लिहून दाखवता येते.

मौज पद्धतीत आहे. आपण अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारतो आणि तिला अक्षरे लटकवत जातो, शक्यतो हात न उचलता. म्हणून वळणे गोल होतात आणि वेग येतो. मुलाला एकच वाक्य आधी बाळबोध, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरी, आणि मग मोडी पद्धतीने लिहायला लावा आणि घड्याळ लावा. कारकुनाला ही लिपी का हवी होती ते समजावत बसावे लागत नाही.

मोडी यादवांचे मंत्री हेमाडपंत यांनी आणली असे सगळे सांगतात. ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे आणि अभ्यासकांत तिच्यावर एकमत नाही. मुलांना दोन्ही सांगा. इतिहासात मतभेद असतात हे दहाव्या वर्षी कळले तर काही बिघडत नाही.

पत्राचा कागद चहात बुडवून पिवळा करावा का? कडा जाळाव्यात का?

नको. हा माझा आवडता राग आहे. ते पत्र लिहिले गेले तेव्हा कागद नवाच होता! तो आज पिवळट दिसतो कारण मध्ये तीनशे-चारशे वर्षे गेली. आणि कडा जळालेले पत्र कोणत्या राजाने पाठवले असते? त्यापेक्षा खडबडीत हातकागद आणा. जुन्नरचा कागद त्या काळी नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच त्या धंद्यावरून पडले. रद्दी भिजवून, मिक्सरमधून काढून, जुन्या चाळणीवर पसरून घरीही कागद होतो. तो वाळल्यावर त्यावर शाई फुटते. मग खळ लावून, गोट्याने घोटून तो गुळगुळीत करावा लागतो. गोटा म्हणून पालथा स्टीलचा चमचा वापरा.

पत्रावर लाखेचा शिक्का मारायचा ना?

सिनेमात मारतात. शिवकाळातल्या कागदांवर मुद्रा उठवत ती शाईने. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा अर्थ. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या, ही संस्कृतात आहे. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही वेगळी छोटी मुद्रा असे. इथे मजकूर संपला, याच्या खाली कुणी काही घुसडू नये, हे सांगायला. आमच्याकडे मुलीने लगेच किराणा सामानाच्या यादीखाली मर्यादा मुद्रा उठवली, भावाने त्यात चॉकलेट वाढवू नये म्हणून.

मुलाने महाराजांची मुद्रा कोरण्यापेक्षा स्वतःची करावी. आपण कोण, कुणाचे, आणि कशासाठी, एवढे दोन ओळींत बसवायला सांगा. अष्टकोनासाठी गोल कागद तीनदा दुमडा, उलगडा आणि घड्यांची टोके सरळ रेघांनी जोडा. कोरायला मोठे खोडरबर उत्तम. मजकूर ट्रेसिंग पेपरवर लिहून, कागद उलटा करून गिरवायचा. पहिल्यांदा ते विसरतीलच. विसरू द्या. उठवल्यावर स्वतःचेच नाव वाचता येत नाही तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

खोडरबर नसेल तर बटाट्याचा ठसा करा. मात्र यादवांच्या किंवा बहमनींच्या दरबारात बटाटा नव्हता हेही सांगा. तो अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत फार उशिरा आला. मिरचीचेही तेच. आमच्याकडे यावरून ‘मग रामदेवरायाच्या वड्यात काय होते?’ हा प्रश्न निघाला आणि तो अजून मिटलेला नाही.

नाणी कशी करायची?

शाडूच्या मातीची. गणपतीत उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर बरेच दिवस टिकतो. अंघोळीच्या साबणाच्या वडीवर टाचणीने दोन छाप कोरा. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची माळ. अक्षरे इथेही उलटी. मातीची चकती एका छापावर ठेवायची आणि दुसरा वरून दाबायचा. टांकसाळीत दाबण्याऐवजी हातोड्याचा घाव पडे.

इथे एक युक्ती करा: छाप तीन सेंटिमीटरचा आणि चकती दोनचीच ठेवा. अर्धा मजकूर बाहेर जातो. कुठल्या नाण्यावर ‘राजा’ येईल, कुठल्यावर नुसता ‘शि’. खऱ्या शिवराया पाहिल्यात तर बहुतेक अशाच असतात, आणि नाणकशास्त्राचा अभ्यासक चार अपुऱ्या नाण्यांवरून पुरा मजकूर जुळवतो. वीस नाणी पाडा, वाळवा आणि दुसऱ्या मुलाला जुळवायला द्या.

यादवांचे सोन्याचे पद्मटंक आणखी सोपे. मध्ये कमळ, भोवती वेगवेगळे ठसे, आकार किंचित वाटीसारखा. प्रत्येक ठसा स्वतंत्र मारलेला. पेनाचे टोपण, बटण, लवंग, काहीही चालते.

आणि नाणी जमली की तुघलकाचा खेळ खेळा. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी हलवून तिचे दौलताबाद केले, आणि त्याच काळात चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी त्याच किमतीने चालवायचा हुकूम काढला. बरनी हा तेव्हाचा इतिहासकार लिहितो की घरोघर टांकसाळी निघाल्या. घरात एकाला सुलतान करा. मातीच्या नाण्याला एक बिस्किट असा भाव लावा आणि माती सगळ्यांच्या हाती राहू द्या. बिस्किटे किती वेळात संपतात ते बघा. सुलतानाने शेवटी नाणी परत घेतली आणि तिजोरी रिकामी केली. आमच्याकडे डबा रिकामा झाला.

वीरगळ मुलांना दाखवावा का? त्यात मृत्यू आहे.

दाखवावा. गावोगावी मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेला हा दगड मुले रोज बघतात, तो काय सांगतो हे कुणी सांगत नाही. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली पडलेला वीर, कधी शेजारी गायी, म्हणजे गोधन वाचवताना मेलेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जात आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असतील तोवर ही कीर्ती. एका दगडावरची ही चित्रकथाच आहे, फक्त वर चढत जाणारी. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची समुद्रातली लढाई कोरली आहे. मुंबईकरांनी आधी तिथे जावे.

करताना शाडूची दोन बोटे जाड फळी घ्या, चार कप्पे आखा. आकृती वरून चिकटवू नका, भोवतालची माती खरवडून काढा. चिकटवलेला हात वाळला की गळून पडतो. शिल्पकाराकडे चिकटवायची सोय नव्हतीच. सावलीत वाळवा, उन्हात तडे जातात. विषय मुलाने निवडावा. माझ्या मुलाने आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा वीरगळ केला. सर्वांत वरच्या कप्प्यात तो पोळी खातो आहे.

(गधेगळाबद्दल मुलांनी विचारलेच तर दानपत्र मोडणाऱ्याला घातलेली शिवी दगडावर कोरली आहे, एवढे सांगून पुढे जा.)

देऊळ करता येईल का?

पूर्ण देऊळ नको, त्याचे छत करा. हेमाडपंती म्हणतो त्या देवळांत दगड चुन्याशिवाय एकमेकांत अडकवलेले असतात आणि छत प्रत्येक थर थोडा आत सरकवत मिटवलेले असते. टेबलाच्या कडेवर एकसारखी वह्या-पुस्तके रचा. सर्वांत वरचे त्याच्या खालच्यापेक्षा अर्धे बाहेर, त्याखालचे पाव, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. बेरीज एकाच्या किंचित वर जाते, म्हणजे चौथ्या पुस्तकाला वरचे पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर हवेत असते. मोजमाप अगदी काटेकोर लागते, नाहीतर सगळे पायावर येते. मग सिन्नरचा गोंदेश्वर किंवा अंबरनाथचे १०६० सालचे देऊळ बघायला जा आणि मंडपात उभे राहून वर बघा.

घटिकापात्र म्हणजे काय? ते घरी होते का?

हा माझा सर्वांत लाडका प्रकार. तळाला बारीक भोक असलेले पात्र पाण्यावर सोडायचे. ते हळूहळू भरते आणि बुडते. बुडायला चोवीस मिनिटे लागली की एक घटका. दिवसाच्या अशा साठ. घटकेची साठ पळे, म्हणजे पळ चोवीस सेकंदांचे. ‘घटका भरली’ हे आपण सहज म्हणतो ते या बुडणाऱ्या वाटीवरून. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात असे पात्र सोडत.

दह्याचा रिकामा डबा घ्या, तापवलेल्या सुईने तळाला भोक पाडा, आणि प्लॅस्टिक तरंगते म्हणून तळाशी नाणी ठेवा. बादलीत सोडा. पहिला डबा बहुधा दोन-तीन मिनिटांत बुडेल. थेट घटकेच्या मागे लागू नका, आधी पाव घटका म्हणजे सहा मिनिटे जमवा. एक नाणे काढले तर काय होते, दोन वाढवली तर काय होते, भोकाला मेण लावून पुन्हा बारीक सुई घातली तर काय होते, हे वहीत लिहायला लावा. आम्ही सहा मिनिटांवर पोहोचलो तेव्हा सतरावी नोंद होती.

हे चालू असताना भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा सांगा. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला पात्र पाण्यात सोडलेले, ती डोकावून बघत असताना तिच्या पोशाखावरचा मोती आत पडला, भोक बुजले, पात्र बुडलेच नाही आणि मुहूर्त टळला. दंतकथा आहे, पण ग्रंथ खरा, ११५० च्या सुमाराचा. आणि डब्यात मणी टाकून बघायला मुलांना सांगावे लागत नाही.

गुप्त लिपीचे काही आहे का?

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. त्यांतली सकळ लिपी प्रसिद्ध. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिचा उलगडा केला. मुलांना ‘च’ची भाषा येतेच, मलाचे ‘चला म’ करणारी. तेच कागदावर अक्षरांच्या अदलाबदलीने करायला सांगा आणि किल्ली लपवून ठेवा.

गंजिफा?

गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांचे गोल कापा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. घरी चार रंग पुरे: मासा, कासव, परशू आणि तुमच्या मनाचा एक. राजा, प्रधान आणि एक ते दहा.

आम्ही परदेशात राहतो. शाडू, बोरू, काही मिळत नाही.

हवेत वाळणारी माती, बांबूची काडी आणि डिंकाऐवजी सुपरमार्केटातला गोंद, एवढ्यावर वरचे जवळजवळ सगळे होते. दिवाळीत बाहेर थंडी असते, तेव्हा किल्ला ट्रेमध्ये घरात करा. किल्ल्यावरच्या हिरवळीसाठी पेरायचा हळीव खिडकीतही उगवतो.

दिवाळीचा किल्ला तर सगळेच करतात. त्यात नवीन काय?

नवीन काही नाही, पण तयार रंगवलेला किल्ला विकत आणणार असाल तर हा प्रश्न सोडून द्या.

एक गड निवडा आणि त्याचाच करा. राजगड सोपा नाही पण समजायला उत्तम: मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. नकाशा समोर ठेवा, विटा-दगडांचा गाभा, त्यावर पोती, वर चिखल.

तट बांधण्याआधी पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावर आधी पाणी पाहावे असेच सांगितले आहे. झारीने पाऊस पाडा, पाणी कुठून वाहते ते बघा आणि तिथे टाके खणा. दरवाजा शेवटी. तो सरळ समोर ठेवू नका, दोन बुरुजांच्या वळणात लपवा, रायगडाला आहे तसा. मग मुलाला जमिनीवर पोटावर झोपवा आणि खालून, शत्रूच्या डोळ्यांनी, दरवाजा शोधायला सांगा. सापडला तर बुरूज पुढे सरकवायचा.

हळीव चार-पाच दिवस आधी पेरा. मावळे मापात घ्या. बुरुजापेक्षा उंच मावळा दरवर्षी कुणीतरी ठेवतेच.

किल्ला कधी मोडायचा?

आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. मग माती कुंड्यांत, पोती माळ्यावर, आणि मावळे चपलांच्या जुन्या खोक्यात. मागच्या वर्षी टाक्यात बेडूक आला होता, म्हणून आठवडाभर जास्त ठेवला.